तिसऱ्या दिवशीची सूज

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणाचा हात हातात आला की माझं बोट आपोआप कोपराच्या खाली सरकतं. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात होणारा जावई पाया पडायला वाकला, आणि मी आशीर्वाद द्यायचा सोडून त्याचा डावा हात उलटा करून आतली बाजू चाचपायला लागले. "मावशी, घड्याळ उजव्या हाताला आहे," तो बिचारा म्हणाला. आमचे हे शेजारीच उभे होते. "घाबरू नका, तुम्ही पास आहात," असं त्याला सांगून मोकळे झाले. मला मात्र नंतर जेवताना चैन पडेना. पोराचा हात गुळगुळीत होता. गुळगुळीत हात पाहिला की मला अजून धाकधूक होते, आणि ती का होते हेच इथे लिहायचं आहे.

आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीच्या अलीकडे, एका छातीच्या दवाखान्यात मी टेक्निशियन होते. थुंकीच्या काचपट्ट्या तपासणं हे काम होतंच, पण माझी खरी ओळख 'सुईवाल्या बाई' अशी. क्षयाची लागण पाहण्यासाठी हाताच्या कातडीत जी सुई देतात तिला आम्ही मांटू टेस्ट म्हणायचो. पेशंटच्या तोंडी तिचं 'मॉन्टेक्स' झालं होतं, आणि नंतर नंतर आम्हीही तेच म्हणायला लागलो.

सुई देणं सोपं. कातडीच्या अगदी वरच्या थरात थेंबभर औषध सोडायचं, डास चावल्यासारखी गांधी उठली की काम झालं. कठीण असतं ते दोन-तीन दिवसांनी वाचणं. नवख्याला वाटतं, हात लाल झाला म्हणजे टेस्ट आली. लालीला काही किंमत नाही. मोजायचा तो कातडीखालचा टणकपणा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. डोळे मिटून बोट फिरवायचं. मग बॉलपेनची रेघ बाहेरून आत हळूहळू ओढत न्यायची. जिथे पेन अडेल तिथे थांबायचं. समोरच्या बाजूनेही तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, तेही हाताच्या आडव्या दिशेने, मिलिमीटरमध्ये. दहाच्या वर गेलं की साधारणपणे लागण धरतात.

आता ही सूज कसली? सुईतून जातं ते क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं प्रथिन. त्याच्याने रोग होत नाही. पण ज्या शरीराची या जंतूशी आधी गाठ पडली आहे ते त्याला ओळखतं. रक्तातल्या पेशी तिथे धावत येतात, गोळा होतात, आणि कातडीखाली एक टणक टिकली तयार होते. छातीतही हेच घडतं. जंतू शिरला की पेशी त्याच्याभोवती कडं करतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तिथेच वर्षानुवर्षं अडकून पडतो. माणसाला पत्ताही लागत नाही. मी स्वतः त्यातलीच. माझ्या हातावर नेहमी दणदणीत सूज यायची आणि मला कधी साधा खोकलाही टिकला नाही. कधी कधी मात्र हे भांडण इतकं पेटतं की शरीर स्वतःचंच घर मोडून टाकतं. क्षयाने फुफ्फुसात ज्या पोकळ्या पडतात, त्या पाडण्यात जंतूंइतकाच आपल्या सुजेचाही हात असतो.

हे सगळं लोकांना समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. शनिवार पेठेतले एक आजोबा होते, अठरा मिलिमीटर आले तर माझ्यावरच उखडले. "मी चाळीस वर्षं पहाटे टेकडी चढतोय. तुमची पट्टी तपासून घ्या." मी म्हटलं, "जंतू टेकडीवरही येतात, आजोबा. त्यांना पहाटेची हवा आवडते." एका आयटीतल्या मुलाने वाचनाच्या दिवशी हाताचा फोटो पाठवला. "मॅडम, मीटिंग आहे, प्लीज फोटोवरून रीड करा ना." त्याला मी उत्तर पाठवलं, फोटो दाबता येत नाही. लग्न ठरलेली एक मुलगी सूज बसावी म्हणून दोन दिवस हळद आणि चुना थापून आली होती. हात पिवळाधमक, सूज तशीच. वर मलाच विचारते, "ताई, हळद आहे म्हणून दोन मिलिमीटर कमी नाही का करता येणार?"

अशा गोष्टी सांगून मी लोकांना हसवत आले. आचलची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही.

आचल राऊत, वय सात. वडील वर्ध्याकडचे, भोसरीला एका वर्कशॉपमध्ये टर्नर. आई वर्षा घरीच असायची. एक खोली भाड्याने घेऊन विश्रांतवाडीत राहत होते. पोरीला तीन आठवडे बारीक ताप, खोकला, जेवण तुटलेलं. मोठ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. त्यात डाग असावा की नसावा असं होतं. म्हणून सोमवारी टेस्ट दिली आणि गुरुवारी वाचायला बोलावलं.

त्या गुरुवारी एका नर्सिंग कॉलेजची अख्खी बॅच प्रवेशाच्या टेस्टसाठी आलेली. दारापर्यंत रांग, मुलींचा कलकलाट, प्रत्येकीला घाई. आचलचा हात मी हातात घेतला. काडीसारखा बारीक हात, त्यावर सुईची खूणसुद्धा शोधावी लागली. बोट फिरवलं, काही नाही. पुन्हा फिरवलं, काही नाही. फॉर्मवर शून्य लिहिलं.

"शून्य म्हणजे बरं ना जी?" राऊतांनी विचारलं.

याचं उत्तर द्यायचा मला अधिकार नव्हता. 'कागद डॉक्टरांना दाखवा', एवढंच म्हणायचं असतं. पण मागून एक मुलगी "मॅडम, माझी बस जाईल" म्हणून कोकलत होती आणि समोर बापाचा चेहरा केविलवाणा झाला होता. मी पोरीच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "हात अगदी स्वच्छ आहे. काही नाही."

त्यांनी कागद डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी दुसरं औषध लिहून दिलं आणि पंधरा दिवसांनी नक्की आणा म्हणून सांगितलं. ते आले नाहीत. कशाला येतील? सुईवाल्या बाईंनीच सांगितलं होतं, काही नाही.

दोन महिन्यांनी आले तेव्हा मी मुलीला ओळखलंच नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, डोळे खोल गेलेले, बापाच्या खांद्यावर मान टाकलेली. गाठीतलं पाणी सुईने काढून माझ्याच टेबलावर आलं. जंतू सापडले. डॉक्टरांनी जुना फॉर्म काढला, वर्षाताईंना आत बोलावलं आणि विचारलं, "त्या टेस्टच्या आधी हिला गोवर आला होता का?"

"आला होता ना जी. तीन आठवडे आधी. अंगभर."

डॉक्टरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यावर एक रकाना आहे : गेल्या दोन महिन्यांत गोवर, कांजिण्या? त्यात माझ्या अक्षरात 'नाही' होतं.

गोवर येऊन गेला की शरीराची ही ओळखायची ताकद काही आठवडे मंदावते. जंतू आत असतो, पण पेशी धावून येत नाहीत, हातावर काही उमटत नाही. त्यात पोर अशक्त असेल तर विचारायलाच नको. म्हणून तो रकाना असतो. आणि माझी पद्धत काय होती? सकाळी चहा पिता पिता मी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा पुढे घ्यायची आणि त्या रकान्यात आधीच 'नाही' लिहून ठेवायची. दिवसभराची घाई वाचते म्हणून. गोवर कुणाला येतो हल्ली, असं म्हणून. आचल दवाखान्यात यायच्या आधीच तिच्या फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं होतं.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "उद्यापासून गठ्ठा कोरा ठेवा." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

औषधं सुरू झाली. पोरगी दर आठवड्याला यायची, मी काहीतरी निमित्त काढून वजनकाट्याजवळ जाऊन उभी राहायची. ताप गेला, दीड किलो वजन वाढलं, एकदा तर माझ्याकडे बघून जीभ दाखवली. मला वाटलं, सुटले. आणि सातव्या आठवड्यात डाव्या बाजूची गाठ अचानक फुगली. लिंबाएवढी, लाल, हात लावू देईना. डॉक्टरांनी पुन्हा पाणी काढून तपासलं, औषधाला न जुमानणारे जंतू नाहीत ना याची खात्री केली, आणि सांगितलं की ही सूज उपचाराचाच भाग आहे, गोळ्या चालू ठेवा. पुढच्या आठवड्यात राऊत आले नाहीत. पेशंटच्या घरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीने येऊन सांगितलं, "त्यांनी गोळ्या बंद केल्यात. ऐकतच नाहीत."

"मी जाते," मी म्हटलं. कुणी मला सांगितलं नव्हतं.

खोली अरुंद, पण लख्ख. आचल कॉटवर मान एका बाजूला धरून चित्रं रंगवत होती. राऊतांनी मला बसा म्हटलं आणि स्वतः उभेच राहिले.

"ताई, मी अडाणी माणूस नाही," ते म्हणाले. "मला फक्त एक सांगा. तवा हातावर सूज नव्हती, तर तुम्ही म्हणे चांगलं आहे. आता मानेवर सूज आली, तरी म्हणता चांगलं आहे. मग तुम्ही वाईट कशाला म्हणता जी?"

वर्षाताई म्हणाल्या, "गोळ्या चालू केल्यावरच तर गाठ वाढून राहिली. आधी एवढीशी होती."

मी सांगत गेले. पोरीचं अंग आधी झोपलं होतं. औषधाने जंतू मरायला लागले, पोटात अन्न जायला लागलं, आणि अंग जागं झालं. आता ते गाठीतल्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंवरसुद्धा, तुटून पडलंय. म्हणून गाठ फुगलीय, म्हणून दुखतंय. जंतू वाढले म्हणून नाही. आत्ता गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतील आणि तेव्हा हीच औषधं चालतील याची खात्री नाही.

"हे तुम्हाला कसं समजलं?"

"गाठीतलं पाणी तपासलं ना."

"कोणी तपासलं?"

"मीच."

"मग झालं," राऊत म्हणाले.

मी सांगून टाकलं. गठ्ठ्याचं, चहाचं, रकान्याचं, सगळं. पस्तिशीच्या माणसासमोर माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या बाईला घाम फुटला होता. राऊतांच्या कपाळाची शीर ताठ झाली. मला वाटलं, आता हाकलून देणार. बोलल्या त्या वर्षाताई, आणि अगदी हळू.

"मी सांगितलं असतं जी. मला कोणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पोरीच्या हातावर ठेवा. पुन्हा टेस्ट करू. तिचं अंग जागं झालं असेल तर तिसऱ्या दिवशी हातावर उमटेल. तुम्ही स्वतः मोजा. तोवर गोळ्या द्या."

राऊतांनी पोरीकडे बघितलं. "तीन दिवस देतो," ते म्हणाले. "हातावर काही नाही आलं, तर बंद. मग कोणी घरी यायचं नाही."

डॉक्टर वैतागले. "निदान झालंय, टेस्टचा काय उपयोग?" मी म्हटलं, निदानासाठी नको, बापासाठी हवी. "आणि पुन्हा शून्य आलं तर? औषधं चालू असूनही काहींना येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हातातलं होतं ते पणाला लावून आलात, बाई." ते खरं बोलत होते. तरी त्यांनी सही केली.

सोमवारी आचल हात पुढे करेना. "आधी तू घे," म्हणाली. नियमात बसत नव्हतं, माझ्यासारख्या दणदणीत सूज येणाऱ्या बाईने ती सुई पुन्हा घ्यायची नसते, पण मी बाही वर केली आणि तिच्यासमोर स्वतःला टोचून घेतलं. मग तिने हात दिला. गांधी उठली. उरले तीन दिवस.

मला त्या तीन दिवसांतलं धड काही आठवत नाही. मंगळवारी आमटीत दोनदा मीठ पडलं. बसमधून एक थांबा पुढे गेले, तिथून परत चालत आले. माझा हात संध्याकाळीच ठणकायला लागला, आणि प्रत्येक ठणक्याला मनात यायचं, तिचा ठणकत असेल का? बुधवारी दोनदा चपला घालून तिच्या घराकडे निघाले आणि दोनदा कोपऱ्यावरून मागे वळले. आधी बघून काय होणार होतं? "अगं, परीक्षा तुझी आहे की त्या पोरीची?" हे म्हणाले. माझीच, म्हटलं, आणि नापास झाले तर ती भोगणार.

गुरुवारी राऊत कामावरून सुट्टी घेऊन आले. आचलच्या अंगात लांब बाह्यांचा फ्रॉक होता. मी वर्षाताईंच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघितलं, काही कळेना. राऊतांनी खिशातून एक लांबट डबी काढली, उघडली, आणि कापडात गुंडाळलेलं व्हर्नियर टेबलावर ठेवलं. लेथवरचं काम ज्याने मोजतात ते.

"तुमच्या पट्टीवर माझा भरवसा नाही," ते म्हणाले.

"माझाही नाही," मी म्हटलं.

बाही वर केली. लाली होती, पण लालीला किंमत नाही. मी डोळे मिटले आणि बोट ठेवलं. हाताच्या कडेकडून आत सरकत गेले. मऊ, मऊ, आणि मग बोट अडलं. एक काठ लागला, स्पष्ट, टणक. मी डोळे उघडले नाहीत. पलीकडच्या बाजूने आले. तिथेही काठ.

पेन मी राऊतांच्या हातात दिलं. हळू ओढा, म्हटलं, अडलं की थांबा. त्या माणसाचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. दोन रेघा झाल्या. त्यांनी व्हर्नियर लावलं, खिडकीकडे धरून वाचलं, पुन्हा लावलं, पुन्हा वाचलं.

"चौदा पॉइंट चार."

तीस वर्षं मी आकडे खालच्या आवाजात सांगत आले, कारण आकडा म्हणजे वाईट बातमी. त्या दिवशी मी "चौदा!" म्हणून इतकी जोरात ओरडले की बाहेरची रांग आत डोकावली. आचलने माझी बाही ओढली. "तुझा दाखव." राऊतांनी माझाही मोजला. एकोणीस. "हिचा जास्त आहे," आचल बापाला म्हणाली, जरा रागानेच. राऊत माझ्या हाताकडे बघत राहिले, मग माझ्या तोंडाकडे, मग पोरीच्या मानेकडे. व्हर्नियर पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाले, "गोळ्या चालू ठेवतो."

गाठ पुढे फुटली, वाहिली, महिनाभराने सुकली. औषधाचा सगळा कोर्स त्यांनी पुरा केला, एकही दिवस न चुकता. आचल आता कॉलेजात आहे, मानेवर रुपयाएवढा व्रण आहे. दोन महिने आधी औषध सुरू झालं असतं तर बहुधा तो नसता. ती केस मोकळे सोडते तेव्हा लोक म्हणतात फॅशन आहे. मला माहीत आहे, ती काय झाकते.

पण मला त्या गुरुवारचं शेवटचं राहून राहून आठवतं. मी फॉर्मवर आकडा लिहिला आणि सहीला पेन टेकवणार, तेवढ्यात राऊतांनी कागदावर बोट ठेवलं. गोवराचा रकाना कोरा होता.

"हे राहिलं," ते म्हणाले.

पाच महिन्यांपूर्वीचा तो गोवर आम्हा सगळ्यांना पाठ होता, आणि त्यानंतर काही झालं नव्हतं हेही. तरी मी वर्षाताईंकडे वळले आणि नीट, सावकाश विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत मुलीला गोवर, कांजिण्या?"

त्यांनी क्षणभर आठवल्यासारखं केलं.

"नाही जी," त्या म्हणाल्या, आणि मग मी लिहिलं.